ओव्हरीला पीळ पडला होता : मिरजेतल्या हॉस्पिटलचा अनुभव (ऑपरेशन एक नंबर, डिस्चार्जला मात्र दिवस गेला)

खूप दिवस लिहीन लिहीन म्हणत होते, आज लेक क्लासला गेलीय आणि पेपरचा गठ्ठा समोर पडलाय, तो तपासायचा कंटाळा आलाय म्हणून बसले लिहायला. हॉस्पिटलचं नाव मुद्दाम टाकत नाही कारण चांगलं पण लिहायचंय आणि बिलिंगवाल्यांबद्दल पण लिहायचंय. मिरजेतलं आहे, तीस-पस्तीस बेडचं, बायकांच्या आजारांचं आणि दुर्बिणीच्या ऑपरेशनचं. मिरजेला आरोग्यपंढरी उगाच म्हणत नाहीत, मिशन हॉस्पिटल काढणाऱ्या वानलेस डॉक्टरांच्या काळापासून कर्नाटकातनं सुद्धा लोक येतात, गल्लीगल्लीत हॉस्पिटल आहे, त्यामुळे कुठलं निवडायचं हाच प्रश्न असतो. आम्हाला निवडायला वेळच नव्हता ही गोष्ट वेगळी.

तर झालं असं. लेक बारावीला. डिसेंबरात गॅदरिंगची डान्स प्रॅक्टिस चालू होती. मंगळवारी संध्याकाळी सातच्या सुमारास घरी आली ती पोट धरूनच. उजव्या बाजूला खाली, एकदम कळ. दोनदा उलटी झाली. पाळीची तारीख लांब होती. मला वाटलं बाहेरचं काहीतरी खाल्लं असेल, तिथे ती वडापावची गाडी असतेच. गल्लीतल्या डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ऍसिडिटी म्हणून इंजेक्शन दिलं, तासाभरात बरं वाटलं, वरणभात खाल्ला, झोपली. आता मागे वळून बघते तेव्हा आठवतं की पंधरा-वीस दिवसांपूर्वी पण असंच अर्धा तास दुखून आपोआप थांबलं होतं, तेव्हा मी ओवा दिला होता. ओवा! नंतर ऑपरेशन करणाऱ्या मॅडम म्हणाल्या की ओव्हरीचा पीळ कधीकधी अर्धवट पडतो आणि आपला आपण सुटतो, म्हणून दुखणं येतं आणि जातं, आणि लोक समजतात बरं झालं.

पहाटे तीनला परत सुरू झालं आणि ह्यावेळी पोरगी गुडघे पोटाशी घेऊन फरशीवर पडलेली. घामाने चिंब. मी दोन बाळंतपणं काढलीत पण तसा चेहरा मी नाही बघितला कुणाचा.

सकाळी तालुक्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात नेलं. नाव घेत नाही, माणसं वाईट नव्हती. सोनोग्राफी केली. रिपोर्टमध्ये उजव्या ओव्हरीत (अंडाशयात) सात बाय सहा सेंटिमीटरची गाठ आली, आणि खाली लिहिलं की डॉपलरमध्ये (सोनोग्राफीतच रक्त वाहतंय का ते रंगात दाखवतात ते) रक्तपुरवठा दिसतोय. झालं. त्या एका ओळीवर सगळे निवांत झाले. "पीळ नाहीये मॅडम, रक्त चाललंय, सिस्ट आहे फक्त. ऍडमिट ठेवू, सलाईन लावू, शुक्रवारी आमचे व्हिजिटिंग गायनॅक येतात ते बघतील." बुधवारी सकाळी साडेनऊला मला सांगतायत शुक्रवारचं. सलाईन लावलं, दुखायचं इंजेक्शन दिलं, आणि पोरगी दर पंधरा मिनिटांनी कोरडी ओकारी काढतेय.

माझी नणंद सोलापूरला स्टाफ नर्स आहे. तिला रिपोर्टचा फोटो व्हॉट्सऍप केला. दोन मिनिटांत फोन आला, "वहिनी, सिस्ट केवढी आहे बघितलंत का, उलट्या होतायत ना, थांबू नका, दुर्बिणीचं ऑपरेशन कुठे होतं तिथे आत्ताच्या आत्ता घ्या." तिनेच हे हॉस्पिटल सांगितलं, तिची ट्रेनिंगची मैत्रीण आधी तिथे होती. ह्यांनी गाडी काढली. साडेबाराला निघालो, एक पस्तीसला दारात. वाटेत प्रत्येक स्पीडब्रेकरला पोरगी कळवळायची, शेवटी मी मागे तिचं डोकं मांडीवर घेऊन ह्यांच्यावरच ओरडत होते, हळू चालवा म्हणून आणि लवकर चालवा म्हणून पण.

आता हॉस्पिटलचं.

रिसेप्शनला फॉर्म भरत बसवलं नाही, हे पहिलं. त्या पोरीने नुसतं नाव आणि वय विचारलं, लेकीकडे बघितलं आणि व्हीलचेअर बोलावली. फॉर्म नंतर ह्यांच्याकडनं भरून घेतला. आतमध्ये गायनॅक मॅडम स्वतः आल्या पाच मिनिटांत, चाळिशीच्या असतील, साडीवर ऍप्रन. पोट तपासलं, शेवटची पाळी कधी, शेवटचं काय खाल्लं, कधी. नऊला दोन घोट नारळपाणी घेतलं होतं आणि ते पण बाहेर पडलं होतं. मग मला म्हणाल्या, "आई, तुम्ही दोन मिनिटं बाहेर थांबता का, मला तिच्याशी बोलायचंय." मला राग आला, खरं सांगते. सतरा वर्षांच्या पोरीशी माझ्यामागे काय बोलायचंय? बाहेर आले तर सिस्टर लघवीची डबी घेऊन चाललेली, प्रेग्नन्सी टेस्टसाठी. म्हटलं, अहो काहीतरीच काय. त्या सिस्टरने तिथेच उभं राहून शांतपणे सांगितलं, ताई, पोटात दुखणाऱ्या वयात आलेल्या प्रत्येक मुलीची करतो, कुंवारी असो की लग्नाची, कारण गर्भाशयाच्या नळीत गर्भ राहिला असेल तरी असंच दुखतं आणि तिथे जीवाला धोका असतो, आम्ही कुणाला विचारून ठरवत नाही, सगळ्यांची करतो. पाच मिनिटांत निगेटिव्ह आली. तेव्हा अपमान वाटला होता, आता वाटत नाही.

सोनोग्राफी परत केली. मी म्हटलं सकाळीच झालीय, हा रिपोर्ट. मॅडमनी रिपोर्ट बघितला, बाजूला ठेवला आणि स्वतः प्रोब हातात घेतला. मला स्क्रीनसमोर उभं केलं. उजवी ओव्हरी डावीच्या तिप्पट दिसत होती, सुजून नुसती टम्म, आणि बीजांचे बारीक बारीक फुगे सगळे कडेला ढकललेले, मण्यांची माळ ठेवल्यासारखे. मग थोडं खाली जाऊन एक गोल गोल भोवऱ्यासारखं दाखवलं, म्हणाल्या हा बघा पीळ, ह्या रक्तवाहिन्या एकमेकींत गुंडाळल्यात. डॉपलर लावला तर लाल-निळं दिसतंय की! मी म्हटलं, मॅडम, रक्त चाललंय ना पण, तिथे तेच म्हणाले.

ह्यावर त्यांनी जे समजावलं ना, मी एकवीस वर्षं शिकवते, पण इतकं सोपं करून मला नसतं जमलं. म्हणाल्या, स्कूटीच्या हुकाला बाजाराची पिशवी अडकवता ना, एका बाजूला कांदे जास्त झाले की ती गरागरा फिरते आणि बंदांना पीळ पडतो. ओव्हरी अशीच दोन बंदांवर लटकलेली असते. गाठीमुळे जड झाली, नाचताना झटका बसला, फिरली. त्या बंदांमधूनच रक्तवाहिन्या जातात. आत येणाऱ्या धमनीची भिंत जाड असते आणि बाहेर जाणाऱ्या शिरेची पातळ, म्हणून पीळ पडला की आधी शीर दबते. म्हणजे रक्त आत येत राहतं आणि बाहेर जायला वाट नाही. म्हणून ती सुजते. आणि रक्त दोन बाजूंनी येतं, एक वरनं आणि एक गर्भाशयाच्या बाजूनं, त्यामुळे डॉपलरला रक्त दिसलं म्हणून पीळ नाही असं कधीच म्हणायचं नसतं. खात्री फक्त आत कॅमेरा घालूनच होते. "मी चूक निघाले तर तीन बारीक छेद वाया जातील. न बघता थांबले आणि बरोबर निघाले तर ओव्हरी जाईल. तुम्हीच सांगा."

घड्याळ बघितलं मी, सव्वादोन. चाळीस मिनिटांत निर्णय झाला होता. त्यातच रक्त गेलं होतं, ब्लड ग्रुप, हिमोग्लोबिन, बाकीच्या नेहमीच्या टेस्ट, गाठीसाठी म्हणून ट्युमर मार्कर (गाठ कॅन्सरची आहे का ह्याचा अंदाज देणारी रक्ताची टेस्ट) पण, त्याचा रिपोर्ट नंतर येणार होता पण त्यासाठी थांबले नाहीत. भूल देणारे डॉक्टर येऊन तोंड उघडायला लावून दात बघून गेले.

संमतीचा कागद. वय सतरा म्हणून सही आमची. मराठीत होता हे चांगलं, पण त्यात एक ओळ होती, "गरज पडल्यास अंडाशय काढावे लागू शकते". तिथे माझा हात थांबला. तेवढ्यात सासूबाईंचा फोन, स्पीकरवरच होता, "अगं काढू नका म्हनावं काई, उद्या पोरीचं लगीन व्हायचंय, कोन करंल." मॅडम ऐकत होत्या. त्यांनी फोन हातात घेतला, "आजी, मी काढायला नाही चाललेय, वाचवायला चाललेय," आणि परत माझ्या हातात दिला. मग आम्हाला सांगितलं की आत काळीनिळी दिसली तरी मी लगेच काढणार नाही, पीळ सोडवून वाट बघणार. रंग लगेच परत आला नाही तरी आत ठेवणार, बऱ्याच वेळा अशी ओव्हरी नंतर नीट काम करते. अगदीच कुजून हातात तुटून आली तरच काढावी लागते. आणि समजा एक गेलीच तरी दुसरी धड असेल तर पाळी येते, मूल होतं. हे शेवटचं वाक्य त्या आधी बोलल्या असत्या तर माझं बीपी जरा कमी वाढलं असतं.

(नंतर रात्री झोप येईना म्हणून मोबाईलवर वाचत बसले होते. पूर्वी खरंच सर्रास काढून टाकायचे, कारण भीती अशी होती की पीळ सोडवला की आत साकळलेली रक्ताची गुठळी सुटून फुफ्फुसात जाईल. पीळ सोडवल्याने तो धोका काही वाढत नाही हे नंतर लक्षात आलं. अमेरिकेतल्या स्त्रीरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१९ मध्ये वयात येणाऱ्या मुलींसाठी स्पष्टच लिहिलंय की दुर्बिणीतून पीळ सोडवा आणि ओव्हरी कशीही दिसली तरी शक्यतो ठेवा. म्हणजे आमच्या मॅडम काही जगावेगळं सांगत नव्हत्या. पण सगळीकडे असंच करतात असंही नाही, माझ्या शाळेतल्या एका बाईंच्या भाचीची काढलीच. त्यामुळे सही करायच्या आधी "काळी दिसली तर काय कराल" हे विचाराच.)

सव्वातीनला आत नेलं. ओटीच्या बाहेर एक बाकडं आहे आणि एक गणपती, आणि भिंतीवर डिजिटल घड्याळ, ते घड्याळ काढून टाका अशी माझी हॉस्पिटलला नम्र विनंती आहे. चार चाळीसला मॅडम बाहेर आल्या, मास्क खाली, आणि पहिलं वाक्य "आहे, ठेवली."

पेन ड्राईव्ह देतात नंतर, पण तेव्हाच त्यांनी बाजूच्या खोलीत टीव्हीवर दाखवलं. ज्यांना रक्त बघवत नाही त्यांनी हा पॅरा सोडा. बेंबीतनं कॅमेरा, खाली दोन बारीक छेद, पोटात कार्बन डायऑक्साईड भरून फुगवलेलं म्हणजे आत जागा होते. आधी आतडी दिसली गुलाबी चकचकीत, मग ती बाजूला सारली आणि मागे एकदम पिकलेल्या जांभळाच्या रंगाचा गोळा, क्रिकेटच्या चेंडूपेक्षा मोठा. त्याच्या देठाला अडीच वेढे. नळी पण सोबत गुंडाळलेली. त्या बोथट चिमट्याने हळूहळू उलटं फिरवत एक, दोन, अर्धा, असं सोडवलं. मग कोमट सलाईन सोडलं आणि चक्क काही न करता थांबल्या. व्हिडिओत ते सगळं आहे, दहा-बारा मिनिटं नुसतं थांबणं, त्यांनी मला ते पुढे पळवून दाखवलं. शेवटी कडेला एके ठिकाणी जांभळ्यातनं तांबूस झालं, मग आणखी एके ठिकाणी. सगळी नाही झाली गुलाबी. पण झाली थोडी.

मग गाठ. त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सूज फार असेल तर आज फक्त पीळ सोडवणार आणि गाठ सहा-आठ आठवड्यांनी सूज उतरल्यावर परत आत जाऊन काढणार, कारण सुजलेल्या ओव्हरीतनं गाठ सोलताना चांगला भाग पण निघून येतो. पण नशिबाने थर सापडला. गाठ सोलून एका प्लास्टिकच्या पिशवीत घालून बाहेर काढली, आत फुटून सांडू नये म्हणून. आणि ट्रेमध्ये ती गाठ कापून दाखवली तर आत काय, केस! खरेखुरे काळे केस, आणि पिवळसर लोण्यासारखं चरबट. ह्यांना खुर्चीत बसावं लागलं. डर्मॉइड म्हणतात त्याला. ओव्हरीत ज्या बीजपेशी असतात त्यांच्यात शरीराचं काहीही तयार करायची ताकद असते, त्यातली एखादी आपली आपण वाढायला लागली की केस, चरबी, कधी दात सुद्धा. तरुण मुलींमध्ये ही गाठ कॉमन आहे, बहुतेक वेळा साधी असते.

केसाचं घरी कळल्यावर व्हायचं तेच झालं. सासूबाईंनी आणि शेजारच्या काकूंनी मिळून करणी, भानामती, गॅदरिंगच्या प्रॅक्टिसला नवीन घागरा घातला तेव्हा कुणाची तरी नजर, सगळं काढलं. एकजण तर म्हणाली केस पोटात गेला असेल जेवणातनं. मी सासूबाईंना दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलमध्ये आणलं आणि मॅडमच्या राउंडला समोर बसवलं. मॅडमनी न हसता दहा मिनिटं दिली, जेवणातला केस पोटात जातो, ओव्हरी वेगळ्या खोलीत असते, दोन्ही खोल्यांना मधे दार नाही. सासूबाई म्हणाल्या, "मग ठीकाय." घरी येऊन लिंबू उतरवायचा तो उतरवलाच, ते सोडा.

वॉर्डबद्दल. सेमी-प्रायव्हेट घेतली होती. पहिल्या रात्री लेक म्हणाली उजवा खांदा दुखतोय. मी घाबरले, ऑपरेशन पोटाचं आणि खांदा का दुखतोय. रात्रपाळीची सिस्टर, केरळची होती पण मराठी झकास, म्हणाली ताई तो गॅस आहे, पोटात थोडा राहतो, वर छाती आणि पोटाच्या मधल्या पडद्याला लागतो आणि तिथली नस खांद्याला जोडलेली आहे, उद्या-परवा जाईल, चालली की लवकर जाईल. आणि खरंच रात्री दहाला तिला धरून कॉरिडॉरमध्ये दोन फेऱ्या मारायला लावल्या. सकाळी लघवीची नळी काढली. आणि ही गोष्ट मी विसरणार नाही, त्याच सिस्टरने ड्युटी संपायच्या आधी लेकीचे केस विंचरून दोन वेण्या घातल्या, ओकाऱ्या काढून काढून गुंता झाला होता त्याचा. मी आई असून मला ते सुचलं नव्हतं.

आता नावं ठेवायची ती ठेवते. बाथरूमचा गीझर दोन दिवस बंद. सांगितलं तर "इलेक्ट्रिशियनला फोन केलाय" हे चार वेळा ऐकलं, डिसेंबरात. पेशंटसोबतच्या माणसाला एक लाकडी खुर्ची, दोन रात्री मी त्या खुर्चीवर काढल्या आणि माझी कंबर अजून त्या खुर्चीची आठवण काढते. डास आहेत. कँटीनचा उपमा चांगला, चहा म्हणजे साखरेचं पाणी. औषधं आतल्याच मेडिकलमधनं घ्यावी लागली, सगळी एमआरपीने, बाहेरून आणू का विचारलं तर नीट उत्तर नाही. पार्किंग नाही, ह्यांनी गाडी समोरच्या गल्लीत लावली तिथे एका आजोबांनी हवा सोडली.

आणि डिस्चार्ज. ह्यासाठी पूर्ण एक स्टार कापतेय.

शुक्रवारी सकाळी पावणेदहाला मॅडम म्हणाल्या घरी जा. आम्ही बॅग भरली. आमची फॅमिली पॉलिसी आहे, कॅशलेस. ऍडमिट होताना तर मस्त झालं होतं, दहा हजार डिपॉझिट गुगल पे केलं, मंजुरीची वाट न बघता ऑपरेशनला घेतलं, आणि मंजुरी लेक ओटीत असतानाच आली. मग आता काय प्रॉब्लेम? अकराला विचारलं, "इन्शुरन्सकडे पाठवलंय." बाराला, "इन्शुरन्सकडनं आलं नाही." एकला, "मॅडम त्यांचंच लेट असतं, आम्ही काय करणार." दोनला मी ह्यांच्या मोबाईलवर कंपनीच्या ऍपमध्ये बघितलं तर फाईल त्यांना मिळालीच मुळी एक पन्नासला! म्हणजे चार तास फाईल हॉस्पिटलमध्येच, कारण डिस्चार्ज समरी टाईप करणारा मुलगा जेवायला गेला होता आणि त्याच्याआधी त्याच्याकडे पाच फाईली होत्या. विमा नियामकाचा २०२४ चा नियम आहे, ऍडमिटची कॅशलेस मंजुरी एका तासात आणि डिस्चार्जची तीन तासांत द्यायची. पण ते तीन तास हॉस्पिटलने कागद पाठवल्यापासून मोजतात, आणि कागद कधी पाठवायचा ह्याला काही कुणी विचारत नाही. कंपनीने मधेच एक शंका काढली, गाठ आधीपासून होती का, कारण बऱ्याच पॉलिसींत घेतल्यावर पहिली दोन वर्षं अशा गाठींना पैसे देत नाहीत. आमच्या पॉलिसीला चौथं वर्ष होतं म्हणून वाचलो, पण तुमची नवीन असेल तर हा खड्डा लक्षात ठेवा. तीन चाळीसला मंजुरी आली. पुढे मेडिकलची एनओसी (काही बाकी नाही असा कागद), मग कॅश काउंटर, मग गेटपास. पाच वीसला बाहेर.

जिथे पोट उघडायचा निर्णय चाळीस मिनिटांत झाला तिथे घरी सोडायला साडेसात तास. आणि तोवर पोरगी बेडवर, बेड दुसऱ्या पेशंटला हवा म्हणून वॉर्डबॉय तीनदा डोकावून गेला.

बिल अठ्ठ्याहत्तर हजार चारशे. अंदाज सत्तरचा दिला होता, ती गाठ काढायची पिशवी आणि गाठीची तपासणी धरली नव्हती म्हणे. कंपनीने एकाहत्तर हजार नऊशे दिले, आमच्या खिशातनं साडेसहा, ग्लोव्हज, मास्क, असलं जे विम्यात बसत नाही ते. डिपॉझिटचे उरलेले साडेतीन हजार परत यायला नऊ दिवस आणि तीन फोन लागले. महात्मा फुले योजना इथे नाही, हे आधीच विचारून घ्या, योजनेत आता पाच लाखांपर्यंत कव्हर आहे पण हॉस्पिटल यादीत असेल तरच. मिरजेत गव्हर्मेंट मेडिकल कॉलेजचं हॉस्पिटल पण आहे, शेजारच्या बेडवरची पेशंट म्हणत होती तिच्या बहिणीचं असलंच ऑपरेशन तिथे झालं. मला स्वतःला माहिती नाही त्यामुळे जास्त बोलत नाही.

पंधरा-वीस दिवस वजन उचलायचं नाही, नाच बंद, गॅदरिंग हुकलं त्याचं तिला ऑपरेशनपेक्षा जास्त दुःख. छेद आता बघायला गेलं तर बेंबीतला दिसतच नाही, खालचे दोन डाळीच्या दाण्याएवढे. गाठीचा रिपोर्ट आठ दिवसांनी आला, साधी गाठ, कॅन्सर नाही. तो कागद मी तीनदा वाचला आणि ह्यांच्याकडून एकदा मोठ्याने वाचून घेतला.

सहा आठवड्यांनी बोलावलं होतं, बारावीच्या तोंडावरच. परत मॅडमनी स्वतः सोनो केली. उजवी ओव्हरी आता डावीएवढी झालीय आणि तिच्यात ते बारीक फुगे दिसतायत, म्हणजे काम चालू आहे. डावीकडे पण नीट शोधलं, कारण दहातल्या एखादीला दोन्हीकडे डर्मॉइड असतो, तिथे काही नाही. मी विचारलं परत पीळ पडू नये म्हणून टाके घालून बांधून ठेवत नाहीत का, कुठेतरी वाचलं होतं. म्हणाल्या घालतात कधीकधी, गाठ नसताना पीळ पडला असेल किंवा परत परत पडत असेल तर, हिच्यात कारण गाठ होती आणि ती गेली, उगाच कशाला बांधायचं. उजवीकडेच का झालं हे पण विचारून घेतलं, तर डावीकडे मोठं आतडं शेजारी असल्यामुळे ओव्हरीला फिरायला जागा कमी असते, उजवीकडे मोकळं रान. वर्षाने एकदा सोनो करायला सांगितलीय, आणि पोटात अचानक कळ आणि सोबत उलटी असं परत कधी झालं तर ओवा न देता सरळ यायचं. ओव्याचं लेकीनेच सांगितलं त्यांना, माझ्यासमोर.

तर डॉक्टर आणि सिस्टर लोकांना पाचपैकी पाच, ओटीला पाच, बिलिंगला एक, खुर्चीला शून्य. सगळं धरून चार देते. फॉलोअपला जाणार असाल तर अपॉइंटमेंट असली तरी जेवणाचा डबा घेऊनच जा, आमची अकराची होती, नंबर लागला सव्वा वाजता.